‘पणजी आता जळतेय का?’

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

मी छत्तीस वर्षांची परिचारिका. माहेर वारकरी, नगर जिल्ह्यातल्या खेड्यातलं. नर्सिंगला असताना येशूवर विश्वास बसला, बाविसाव्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर दोन वर्षं घरात माझ्याशी कोणी बोललं नाही. बोलत होती ती एकटी आजी. पुढे लग्न झालं, सासर चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. तीन महिन्यांपूर्वी आजी गेली. सात वर्षांच्या मुलाला घेऊन मी अंत्यविधीला गेले होते. महिनाभरानं आमच्याकडच्या कॉटेज प्रार्थनेत, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत, पास्टर म्हणाले, ‘ज्यांनी प्रभूला स्वीकारलं नाही, ते या घटकेला अग्नीत आहेत आणि तिथून सुटका नाही.’ मुलगा माझ्या मांडीवर होता. रात्री त्यानं विचारलं, ‘पणजी आता जळतेय का?’ तेव्हापासून तो झोपेतून दचकून उठतो. नवरा म्हणतो, वचन मानायचं तर सगळं मानायचं. मोबाइलवर शोधलं तेव्हा कळलं की शेवटी सगळ्यांचंच तारण, म्हणजे उद्धार, होईल असं मानणारेही ख्रिस्ती आहेत. वाचून बरं वाटलं आणि म्हणूनच भीती वाटली, की मी सोयीचं तेवढं धरून बसतेय. आजीला एकदा येशूबद्दल सांगितलं होतं. ती हसली, ‘तुझा देव चांगला आहे गं’ म्हणाली आणि जेवायला वाढायला उठली. मी अजून नेटानं सांगायला हवं होतं का? मुलाला काय सांगू? ही मंडळी (चर्च) सोडू का? आजीसाठी प्रार्थना चालते का? आईनं तिची तुळशीची माळ मला दिली आहे, नवरा म्हणतो ती घरात नको.

उत्तर:

ताई,

मुलापासून सुरुवात करते. बाकीच्या प्रश्नांवर सतराशे-अठराशे वर्षं वाद चालू आहे, तो आणखी चार दिवस थांबेल. तुमचं पोर आज रात्रीही उठून बसणार आहे.

पत्र दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यापाशी मी थबकले. तुम्ही त्याला अंत्यविधीला नेलं होतं. तुमच्या सासरी माणूस गेलं की कबरस्तानात नेतात, माती देतात. म्हणजे या मुलानं चिता बहुधा पहिल्यांदाच पाहिली, तीही ओळखीच्या, मायेच्या माणसाची. आणि महिनाभरानं एका मोठ्या माणसानं त्याला सांगितलं की ती आग विझतच नाही. त्याचा प्रश्न तुम्हाला तारणाचा वाटला, कारण तुमच्या मनात तोच घोळत होता. त्याचा प्रश्न कदाचित साधा असेल, डोळ्यांनी पाहिलेल्या आगीचा. म्हणून आधी त्याला सांगू नका, विचारा. ‘तिथं काय पाहिलंस? काय आठवतं?’ त्याला चित्र काढू द्या, बडबडू द्या. मग चिता म्हणजे काय ते समजावा: पणजीचं शरीर तेव्हा थांबलेलं होतं, तिला काही दुखलं नाही, आपल्याकडे पुरतात तसं तिच्याकडे अग्नी देतात. तुम्ही परिचारिका आहात, शरीर थांबतं म्हणजे काय हे तुमच्याइतकं नीट त्याला कोण सांगणार?

आणि मग सरळ सांगा, ‘नाही बाळा, पणजी जळत नाहीये. ती देवाच्या हातात आहे.’

हे खोटं बोलणं होईल का, अशी शंका तुम्हाला येईल. येऊ द्या, पण ही एक गोष्ट लक्षात घ्या. कॅथलिक ख्रिस्तसभा शेकडो माणसांना नावानिशी संत ठरवते. अमुक माणूस नरकात आहे असं मात्र तिनं अधिकृतपणे आजवर एकाही माणसाबद्दल जाहीर केलेलं नाही. सार्वकालिक नरक आहे, असं शिकवणारीच ही ख्रिस्तसभा. जे तिनं केलं नाही ते तुमच्या दिवाणखान्यात, चहाच्या कपाआधी, एका वाक्यात उरकलं गेलं.

आता तुमच्या मूळ पेचाकडे येते. तुम्ही लिहिता तसे जणू दोनच दरवाजे आहेत: एक तर पास्टर म्हणतात ते खरं आणि आजी आगीत, नाही तर सगळ्यांचंच तारण आणि आजी वाचली. मला वाटतं इथं दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. नरकाची शिक्षा कधी संपते की नाही, हा एक. ज्यांनी येशूचं नाव घेतलं नाही ते सगळे तिथंच जातात का, हा दुसरा. पास्टरांनी दोन्हींची गाठ मारली आणि तुम्ही ती तशीच उचललीत. नरक अनंत आहे असं मानून आजीसारख्या माणसांबद्दल आशा धरणारे ख्रिस्ती पुष्कळ आहेत. कॅथलिक धर्माध्यक्षांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ साली अधिकृत दस्तऐवजातच म्हटलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाला धरून वागतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. म्हणजे आजीसाठी आशा धरायची तर तुम्हाला आधी विश्वतारणवादी, म्हणजे सगळ्यांचंच तारण होणार असं मानणारं, व्हायची गरज नाही. खांद्यावरचं अर्धं ओझं इथंच उतरावं.

यावर नवरा बायबलमधलं योहान १४:६ काढेल: माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही. बरोबरच आहे. पण ते वचन कोणाद्वारे ते सांगतं. येणाऱ्याला त्याचं नाव किती नीट ठाऊक होतं ते सांगत नाही. अब्राहामाला येशू हे नाव माहीत नव्हतं, आणि रोमकरांस पत्रात विश्वासाचा नमुना म्हणून पौल त्यालाच उभा करतो.

तुम्ही प्रामाणिक आहात, म्हणून तुम्हाला पुढची अडचणही दिसली असणार. आजीच्या कानावर नाव गेलंच नव्हतं असं नाही. तुम्ही सांगितलं होतं, ती हसली होती. पण तिनं काय ऐकलं असेल, याचाही विचार करा. त्या नावापायी नातीशी घर बोलायचं थांबलं, हे तिनं पाहिलं. स्वतः बोलत राहिली. याला नाकारणं म्हणायचं का? मला तसं म्हणता येत नाही. ठामपणे त्याउलट म्हणायचाही मला अधिकार नाही.

आणि ‘अजून नेटानं सांगायला हवं होतं का’ या प्रश्नाबद्दल. तुमच्या पत्रातलं खरं दुखणं मला इथं दिसलं, नरकाच्या आगीत नाही. एका म्हातारीचं अनंतकाळचं भवितव्य एका नातीच्या वक्तृत्वावर अवलंबून असावं, ही शिकवण कोणत्याच पंथाची नाही. ज्यांना आपण फार कडक समजतो, त्या जुन्या काळच्या धर्मपंडित ऑगस्टीनची आणि प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनचीही नाही. ते तर म्हणतील, तारण हे पहिल्यापासून शेवटपर्यंत देवाचं काम. तुम्ही कमी पडलात म्हणून देव हरला, असं म्हणणारा माणूस देवालाच लहान करतो.

तुमचं हे दुखणं नवं नाही, आणि ते आपल्या मातीच्या जवळचं आहे. जुन्या गोव्याच्या बॉम जीझस बॅसिलिकात ज्यांचं शरीर आहे, ते मिशनरी संत फ्रान्सिस झेवियर १५४९ ते १५५१ जपानमध्ये होते. परत आल्यावर जानेवारी १५५२ मध्ये कोचीहून युरोपातल्या आपल्या सोबत्यांना त्यांनी पत्र लिहिलं. नव्यानं ख्रिस्ती झालेले जपानी लोक आपल्या मेलेल्या आईवडिलांसाठी, बायकामुलांसाठी रडत होते. देव त्यांना नरकातून काढू शकत नाही का, असं विचारत होते. झेवियरनी त्यांना सांगितलं की उपाय नाही. आणि मग त्याच पत्रात कबूल केलं की आपल्या लाडक्या मित्रांना असं रडताना पाहून मलाही दुःख होतं. मला हे पत्र नेहमी अस्वस्थ करतं. माणसाचं मन एकीकडे ओढत होतं आणि शिकवण दुसरीकडे, आणि जिंकली शिकवण. तुमच्या पास्टरांपेक्षा झेवियर मला जवळचे वाटतात ते एवढ्यासाठी, की त्यांना निदान त्या वाक्याची किंमत कळली होती.

तीन शतकांनंतर हाच प्रश्न नगरला आला. अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा जन्म १८४७ साली मुंबईत झाला आणि पुढे आयुष्यभराचं काम अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर). ज्यांच्यात ते राहत, त्यांतल्या बहुतेकांचे आजे-पणजे येशूचं नाव न ऐकता गेलेले होते. १८८६ साली ते रजेवर अमेरिकेत होते. तिथल्या अँडोव्हर सेमिनरीतल्या (पाळकांना शिक्षण देणाऱ्या संस्थेतल्या) एका भोजनसमारंभात बोलताना त्यांनी एका वादग्रस्त मताला सहानुभूती दाखवली: ज्यांना या आयुष्यात ख्रिस्त कळलाच नाही त्यांना मृत्यूनंतर देव संधी देत असेल. झालं! मिशनच्या वरिष्ठांनी त्यांचं परतणं रोखून धरलं, वार्षिक सभेत कडाक्याचं भांडण झालं आणि बरीच रस्सीखेच होऊन १८८७ साली ह्यूमना नगरला परत यायची मोकळीक मिळाली. तुमच्या सासरच्या चार पिढ्या नगरच्या असतील तर त्यांतल्या कोणीतरी ह्यूमसाहेबांचा उपदेश ऐकलेला असण्याचा संभव आहे. नवऱ्याला हे जरूर सांगा, वाद घालायला नव्हे, गंमत म्हणून. ‘मंडळीत असला प्रश्न विचारायचाच नसतो’ असं त्याला वाटत असेल, तर हा प्रश्न नगरच्याच मिशनरीनं एकशेचाळीस वर्षांपूर्वी विचारलेला आहे.

आता ज्या मताचा तुम्हाला मोबाइलवर शोध लागला त्याबद्दल. ते आजकालचं फॅड नाही. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिगेन या धर्मपंडितानं ते मांडलं, चौथ्या शतकात निस्साचा बिशप ग्रेगरी यानं. ओरिगेनच्या नावानं चालणाऱ्या शिकवणीला सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाच्या काळात दोषी ठरवलं गेलं. ग्रेगरी मात्र आजही संत आहे. पाचव्या शतकात ऑगस्टीननं अनंत शिक्षेची बाजू इतकी पक्की बांधली की पश्चिमेकडची मंडळी त्याच घरात राहू लागली. पण त्यालाही लिहावं लागलं की अनंत शिक्षेच्या कल्पनेनं कळवळणारे पुष्कळ आहेत. कोणाशी वाद घालतोय हे त्याला ठाऊक होतं: मंडळीबाहेरच्यांशी नाही, शेजारच्या बाकावर बसणाऱ्यांशी.

शास्त्र काय म्हणतं? दोन्ही. देवाची इच्छा आहे की सर्व माणसांचं तारण व्हावं, असं १ तीमथ्य २:४ मध्ये आहे. आदामामध्ये सगळे मरतात तसे ख्रिस्तामध्ये सगळे जिवंत केले जातील, असं १ करिंथ १५:२२ मध्ये. आणि प्रकटीकरण विसाव्या अध्यायात अग्नीचं सरोवरही आहे. म्हणजे ‘सगळं वचन मानायचं’ हे तुमच्या नवऱ्याचं म्हणणं मला मान्यच आहे. फक्त सगळं म्हणजे सगळं. प्रत्येक बाजू काही वचनांच्या उजेडात बाकीची वाचते. मधे तिसरी बाजूही आहे: दुष्टांना अनंतकाळ छळ नाही, त्यांचं अस्तित्वच शेवटी संपतं. पास्टरांच्या कपाटात इंग्लंडचे नामवंत प्रोटेस्टंट पाळक जॉन स्टॉट यांचं एखादं पुस्तक असण्याची दाट शक्यता आहे. त्या स्टॉटनीही १९८८ साली, जपून का होईना, हीच बाजू उचलून धरली होती.

सगळ्यात अवघड वचन मत्तय २५:४६. सार्वकालिक शिक्षा आणि सार्वकालिक जीवन, दोन्हींना मूळ ग्रीकमध्ये एकच विशेषण आहे. ऑगस्टीन विचारतो, जीवन अनंत तर शिक्षा अनंत का नाही? विश्वतारणवादी म्हणतात, त्या शब्दाचा अर्थ ‘येणाऱ्या युगाची’ असा आहे, ‘न संपणारी’ असा नाही. हे उत्तर मला पुरतं पटत नाही, हे सांगून टाकते. पण तो अध्याय कधी सबंध वाचलात का? तिथं न्याय कशावरून होतो? भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस. आणि ज्यांना उजवीकडे बसवलं ते चक्रावून विचारतात, ‘प्रभू, आम्ही तुला केव्हा पाहिलं?’ त्यांना पत्ताच नव्हता. नरकाचं सर्वांत कठीण वचन ज्या पानावर आहे, त्याच पानावर न ओळखता प्रभूला जेवू घालणारी माणसं आहेत. तुमच्याच पत्रात आहे की तुमचं ऐकून आजी हसली आणि जेवायला वाढायला उठली. याचा अर्थ मी लावत नाही.

तुम्ही विचाराल, मग तुमचं मत काय? सगळ्यांचं तारण होणारच, असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. आशा धरते. पोप फ्रान्सिस २०२४ च्या जानेवारीत एका मुलाखतीत म्हणाले होते की हा सिद्धान्त नाही, माझं वैयक्तिक मत आहे, पण नरक रिकामा असावा असं मला वाटतं. तितपत. मी पुढे जात नाही त्याचं कारण नगर जिल्ह्यातच आहे. आपल्याकडे पहिल्या पिढ्यांत ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक गावकुसाबाहेरचे होते. आयुष्यभर ज्यांना पाणवठ्यावर येऊ दिलं नाही, त्यांना ‘एक दिवस न्याय होणार’ ही धमकी वाटली नसेल, सुवार्ता वाटली असेल. ‘शेवटी सगळं ठीकच होणार’ हे ज्याला काही सोसावं लागलं नाही त्यानं म्हणणं सोपं असतं. म्हणून जे सर्वांच्या तारणाची गोष्ट बोलतात पण न्याय मधेच गाळतात, त्यांचंही मी ऐकत नाही. ग्रेगरीनं तो गाळलेला नव्हता. त्याच्याकडेही आग आहे, पण ती सोनं तावून काढणारी.

‘बरं वाटलं म्हणजे खोटंच असणार’ हा तुमचा हिशेब मात्र सोडून द्या. भीती वाटली म्हणजे खरं, हेही मग सिद्ध होत नाही. आणि मोबाइलवर हे वाद शोधत बसणं बंद करा. त्या वादात समोरच्याला हरवायचं असतं. तुमच्यासारख्या शोकात असलेल्या माणसाशी कोणी बोलत नसतं.

नवऱ्याबद्दल. तो दुष्ट नाही, हे पत्रातूनही कळतं. पण त्याची चार पिढ्यांची माणसं कबरस्तानात क्रुसाखाली आहेत. या शिकवणीचा दाम त्याच्या घराला कधी मोजावा लागला नाही. तुमचं अख्खं माहेर मात्र ती आगीत ढकलते. हे त्याला शांतपणे, आरोप न करता, एकदा सांगा. ‘तू चूक आहेस’ म्हणू नका. ‘तू हे म्हणतोस तेव्हा मला माझी आई दिसते’ एवढं म्हणा.

पास्टरांना एकट्यानं भेटा, प्रार्थनेनंतरच्या घोळक्यात नाही. वचनांची कुस्ती खेळायला जाऊ नका. त्यात त्यांचा सराव जास्त. मुलाला काय झालं तेवढं सांगा. विचारा, ‘तुमच्या घरात बाप्तिस्मा न घेता गेलेलं कोणी आहे का?’ बऱ्याचदा असतं, आणि त्याबद्दल ते स्वतःशीही बोललेले नसतात. एक मागणं स्पष्ट ठेवा: मुलांसमोर हे बोलायचं नाही. ते त्यांनी ऐकलं तर मंडळी सोडायचं कारण नाही, मतभेद घेऊन माणसं एका बाकावर बसतातच. नाही ऐकलं, तर मुलाला त्या प्रार्थनांपासून आजपासून लांब ठेवा. तुमचा स्वतःचा निर्णय मात्र वर्षभर लांबवा. शोकात घेतलेले निर्णय दुःखाचे असतात, आपले नसतात. आणि दुसऱ्या मंडळीत जाणं म्हणजे विश्वास सोडणं नव्हे. हे मी इतर वाचकांसाठीही लिहिते, कारण अशी पत्रं मला वसईहून येतात, सोलापूरहून येतात, एक मागे दुबईहूनही आलं होतं.

प्रार्थनेचं सोपं आहे. कॅथलिक लोक २ नोव्हेंबरला कबरस्तानात मेणबत्त्या लावतात, मृतांसाठी प्रार्थना करतात. प्रोटेस्टंट मंडळ्यांत बहुधा करत नाहीत. तुमचं मन अडखळत असेल तर आजीसाठी मागू नका, आजीबद्दल आभार माना. तिनं दोन वर्षं तुमच्याशी बोलणं सोडलं नाही, याबद्दल देवाचे आभार मानायला कोणताच पंथ आडवा येणार नाही. वर्षश्राद्धाला माहेरी जा, पंगतीत वाढायला उभ्या राहा. विधीत बसायचं की नाही हे तुमच्या सदसद्विवेकावर. वाढायला कोणाची हरकत नसावी.

राहिली माळ. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक नगरलाच ह्यूमसाहेबांबरोबर काम करत. आपण तुकोबाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत, आणि आजही रविवारी मंडळी त्यांची भजनं गाते. ज्या पुलावरून येता येतं तो घरात ठेवायला काय हरकत आहे, असं नवऱ्याला विचारून पाहा. तरीही त्याला खटकत असेल तर भिंतीवर टांगू नका. तिचं एखादं लुगडं असेल तर त्यात गुंडाळून कपाटात ठेवा. मुलाला मात्र एकदा हातात द्या. कोणाची आहे ते सांगा. आषाढीला ती दिंडीबरोबर किती दिवस चालायची, पायाला काय बांधायची, परत आल्यावर त्याच्यासाठी काय आणायची, तेही सांगा. तो खूप प्रश्न विचारेल.